थोडं, पण रोज



या सदरात आपण बहुतेक वेळा मुलांचा अभ्यास, घरखर्च, सणावाराची तयारी अशा गोष्टी बोलतो. या महिन्यात विषय जरा वेगळा आहे. साताऱ्यात आमच्या गच्चीवर डब्यांत लावलेल्या टोमॅटोच्या सहा झाडांचा. बागकाम आमचा पेशा नाही. आम्ही दोघंही शाळामास्तर. पण या सहा झाडांनी जे शिकवलं, ते बी.एड.च्या वर्षात कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून सांगावंसं वाटतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी शाळेची घाई चाललेली. धाकटी गच्चीवरून ओरडत खाली आली, "पहिला लाल झाला!" टोमॅटो तिच्या हातात होता. वरून बघितला तर लालबुंद, तुकतुकीत. उलटा केला तर बूड काळं, खोलगट, वाळल्या चामड्यासारखं. तिचा चेहरा पडला. दुसरा तोडून आणला, तोही तसाच. तिसराही तसाच. तीन महिने जपलेल्या झाडांची पहिली फळं अशी निघाली, तर मोठ्यांनासुद्धा वाईट वाटतं. ती तर चौथीतली पोर.

हे सगळं सुरू झालं 2023 च्या पावसाळ्यात. आठवत असेल, त्या जुलैत टोमॅटोनं देशभर शंभरी ओलांडली. काही शहरांत किलोला 200 रुपयांपर्यंत भाव गेला. दिल्लीत तर केंद्र सरकारला सवलतीच्या दरानं टोमॅटो विकावा लागला. आमच्याही घरी सालनात टोमॅटोऐवजी चिंच आली, आणि आम्ही ठरवलं की आता टोमॅटो घरीच पिकवायचा. दोनच महिन्यांत तोच टोमॅटो इतका कोसळला की काढणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही निघेना, म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्याकडेला ओतून दिला. पण आमच्या डोक्यात घेतलेलं खूळ काही उतरलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं, ते आधी सांगतो, म्हणजे तुमचं तरी नुकसान टळेल. ग्रीनहाऊस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेचं घर येतं. आम्हीही तेच धरून बसलो. गच्चीच्या कोपऱ्यात आठ फूट बाय सहा फुटांचा बांबूचा सांगाडा उभा केला, आणि चारही बाजूंनी, वरूनसुद्धा, पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं. फेब्रुवारीत रोपं लावली. मार्चमध्ये झाडं अशी काही वाढली की येणारा-जाणारा माशाअल्लाह म्हणे. एप्रिलमध्ये फुलांचे घोस लागले, आणि मग रोज सकाळी ती फुलं जमिनीवर गळून पडलेली दिसू लागली. एक फळ धरलं नाही.

कारण साधं होतं. काचेची घरं थंड मुलखातली. तिथं ऊन कमी, गारठा जास्त, म्हणून आत शिरलेली ऊब कोंडून ठेवायची असते. आपल्याकडे गरज नेमकी उलटी. दुपारी त्या प्लास्टिकच्या खोलीत थर्मामीटर टांगला, तर पारा 42 वर. टोमॅटोच्या फुलाला दिवसा 35 अंशांच्या पुढची उष्णता आणि गरम रात्री सोसत नाहीत. परागकण निकामी होतात, आणि फूल देठातून गळतं. झाड हिरवंगार दिसतं, पण पदरात काही पडत नाही. त्यात एप्रिलच्या शेवटी वळवाच्या वाऱ्यानं सगळं प्लास्टिक उचललं आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर नेऊन टाकलं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत, हे साताऱ्यात राहून आम्हांला तेव्हा कळलं.

दुसऱ्या वर्षी घर तेच ठेवलं, पण त्याचं काम बदललं. वर 50 टक्के सावलीचं हिरवं शेडनेट घातलं. बाजूंना बारीक विणीची कीटकजाळी लावली. तिची वीण 40 मेशची तरी हवी, म्हणजे पांढरी माशी आत शिरत नाही. ही माशी एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडाला पोहोचवते, आणि मग पानं आकसून वर वळतात, झाड खुजं राहतं. त्यावर औषध नाही. असं झाड दिसलं की उपटून टाकायचं, मोह धरायचा नाही. पॉलिथिनचा कागद फक्त पावसाच्या दिवसांत वरच्या बाजूला टाकतो, बाजू उघड्याच. सांगाडा चारी कोपऱ्यांत वाळू भरलेल्या डब्यांत रोवला, आणि कठड्याला तारेनं बांधला. ऊन चाळून घ्यायचं, पावसाचा मारा अडवायचा, कीड बाहेर ठेवायची आणि वारा मात्र खेळू द्यायचा, एवढंच आपल्याकडच्या या घराचं काम.

डबे निवडले ते 15 किलो तेलाचे, पत्र्याचे. बाजारातल्या मोठ्या कुंड्यांच्या मानानं ते जवळजवळ फुकट, आणि एका झाडाला पुरेसे. बुडाला खिळ्यानं सात-आठ भोकं पाडली, आणि बाजूलाही बुडापासून बोटभर वर दोन. पत्रा उन्हात तापतो, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळलं. डबे विटांवर ठेवले, म्हणजे खालून पाणी निथळतं आणि स्लॅबला ओल धरत नाही. भरलेला, भिजलेला डबा चांगलाच जड होतो. तेव्हा गच्चीच्या मधोमध गर्दी न करता भिंतीच्या कडेनं मांडा. घर भाड्याचं असेल, तर मालकांना आधी विचारा.

मातीच्या बाबतीत कृष्णाकाठच्या लोकांना एक भ्रम असतो, की आपली काळी माती म्हणजे सोनं. शेतात ती सोनंच आहे. पण डब्यात ती ओली झाली की चिखल आणि वाळली की वीट. तिच्यातून मुळांना हवा मिळत नाही. म्हणून एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि डब्याला मूठभर निंबोळी पेंड, असं मिश्रण केलं. हौसेनं कासच्या पठारावरची लाल माती पोतं भरून आणणारेही आम्ही पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. ती जागा जागतिक वारसा आहे. तिथली फुलं त्याच मातीवर जगतात.

बियाणं बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का रक्षक या वाणाचं घेतलं. पानं वळवणारा विषाणू, मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना हा वाण बराच टक्कर देतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हेही आपल्याकडच्या हवेचे वाण आहेत. ऑगस्टच्या शेवटी बी टाकलं, आणि सप्टेंबरच्या शेवटी बोटभर जाडीची नव्हे, पेन्सिलीएवढी रोपं डब्यात लावली. लावताना खालची पानं काढून रोप निम्म्यापर्यंत मातीत पुरलं. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. प्रत्येक झाडाला काठी आणि सुतळीचा सैल आधार दिला. फुलं आल्यावर रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी प्रत्येक घोसाला बोटानं हलकी टिचकी मारायची. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण पराग झडायला हिसका लागतो. उघड्यावर तो वारा आणि मधमाशा देतात. जाळीच्या आत तो आपल्याला द्यावा लागतो. हे काम धाकटीनं मोठ्या अधिकारानं स्वतःकडे घेतलं होतं.

इतकं सगळं नीट केलं, आणि फळाचं बूड काळं.

मग सुरू झाली आमची हकीमगिरी. कुणी म्हणालं कॅल्शियम कमी पडलं. अंड्यांची टरफलं कुटून घातली. कुणी म्हणालं चुना घाला. तोही विड्याच्या पानाला लावावा इतका पाण्यात कालवून घातला. कुणी फवारा सांगितला. पंधरा दिवस गेले, काळ्या बुडाची फळं निघतच राहिली.

शेवटी सांगलीला अम्मीला फोन केला. खरं तर तिलाच पहिल्यांदा विचारायला हवं होतं. सांगलीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षं तिचे तेलाचे डबे ओळीनं मांडलेले असायचे. टोमॅटो, मिरच्या, पुदिना, एका कोपऱ्यात कढीपत्ता. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि आमच्या घरात पुरुषभर पाणी उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर घर सापडलं, डबे सापडले नाहीत. कढीपत्ता उभा होता, पण चिखलानं मुळं कुजली. अब्बा त्याच्या आधी दोन वर्षं गेलेले. आम्ही तेव्हा अम्मीला साताऱ्याला चल म्हणालो. ती चार महिने राहिली आणि परत गेली. म्हणाली, ज्या घरातून अब्बांचा जनाजा निघाला, तिथूनच मलाही जायचं आहे. त्यावर काय बोलणार?

फोनवर तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "पानी कब देते?"

आम्ही खरं ते सांगितलं. आठवडाभर शाळा, परीक्षा, पेपर तपासणी. आठवण आली की मधेच एखादा तांब्या. रविवारी मात्र निवांतपणे पाइप लावून सगळे डबे तुडुंब भरायचे, खालून पाणी वाहीपर्यंत.

अम्मी हसली. म्हणाली, "मतलब इतवार को पूर, बाकी दिन सूखा. मैं पूर भी देखी, सूखा भी देखी. झाड को दोनो नको. थोडा देओ, पन रोज देओ."

नंतर आम्ही कृषी विज्ञान केंद्रातही विचारलं, कारण मास्तर माणसाला आईचं म्हणणंसुद्धा पडताळून बघायची खोड असते. आपल्या भागात बोरगाव, कराडजवळचं कालवडे आणि मिरज तालुक्यातलं कांचनपूर, इथं अशी केंद्रं आहेत. घरातल्या दोन कुंड्यांचा प्रश्न घेऊन गेलं तरी माणसं उत्तर देतात. तिथं जे कळलं ते अम्मीचंच म्हणणं होतं, फक्त शास्त्राच्या भाषेत. बूड काळं पडणं हा रोग नाही, तेव्हा फवाऱ्याचा उपयोग नाही. मातीत कॅल्शियम बहुधा असतं. ते पाण्याबरोबरच वर चढतं. पानं जास्त पाणी ओढतात, त्यामुळे त्यांना ते आधी मिळतं. फळाचं बूड सगळ्यात शेवटच्या टोकाला. पाण्यात खंड पडला की उपासमार होते ती त्या टोकाची. वाढत्या फळाची तिथली पेशी न् पेशी ढासळते, आणि मागाहून कितीही पाणी ओता, ती परत उभी राहत नाही. उलट एकदम पाणी मिळालं की फळ फुगून तडकतं. शेतातल्या झाडाचं मूळ ओल शोधत खोल जाऊ शकतं. डब्यातलं मूळ कुठं जाणार? पत्र्याला टेकलं की संपलं. त्याचं सगळं आपल्या हातात.

(काळं पडलेलं फळ फेकून देऊ नका. तेवढा भाग कापून टाकला की बाकीचं फळ खायला चांगलं असतं. नेमतीची नासाडी नको.)

आता रोज पाणी द्यायचं, हे कळलं. पण द्यायचं कसं? आमच्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. आणि रोजची आठवण कोण ठेवणार? "उद्यापासून नक्की" हे आम्ही विद्यार्थ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की स्वतःच्या तोंडून ऐकताना विश्वास बसेना.

तोड थोरल्यानं काढली. तो नववीत आहे. म्हणाला, "वजूचं पाणी मोरीत जातंच ना? ते टबात धरू." आणि मग पोरांनी मोजमाप काढलं. नळ सोडून वजू केला तर प्रत्येकी जवळजवळ पाच लिटर पाणी जात होतं. लोट्यानं केला तर दीड लिटरमध्ये भागत होतं. आम्ही चकित झालो. हुजूर (स.) एका मुदभर पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वजू करीत, हे आम्ही वर्गात कितीदा सांगितलं असेल. स्वतःच्या घरी नळाखाली बादली धरून कधी बघितलं नव्हतं. वाहत्या नदीकाठी असलात तरी वजूत पाणी उधळू नका, ही शिकवणही आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. सांगलीचं माणूस तर नदीकाठचंच.

तर आता गच्चीवरच मोठा टब ठेवला आहे. फज्रला आणि असरला चौघं तिथं लोट्यानं वजू करतो. धाकटीवर नमाज अजून फर्ज नाही, पण टिचकीवालीला पाण्याच्या वेळी गैरहजर राहून कसं चालेल? सांडलवंड जाऊन दोन्ही वेळचं मिळून नऊ-दहा लिटर पाणी जमतं. थंडीच्या दिवसांत फळांनी लगडलेल्या एका झाडाला सकाळी एक लिटर आणि संध्याकाळी अर्धा लिटर पुरतं. सहा झाडांचे नऊ लिटर. हिशेब कसा जुळला, सुबहानअल्लाह! उन्हाळ्यात झाडाला दोन-तीन लिटर लागतील, तेव्हा वरचं पाणी घालावं लागेल. डब्यातल्या मातीवर उसाचं वाळलेलं पाचट अंथरलं, म्हणजे ओल टिकते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पाचटाला काय तोटा? एक काळजी घ्या, साबणानं हात धुतलेलं पाणी या टबात येऊ देऊ नका. वजूचं पाणी झाडाला घालावं की नाही, अशी शंका मनात आली तर मनात ठेवू नका. आम्ही मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारलं, त्यांनी काही हरकत नाही म्हणून सांगितलं. तुम्हीही आपल्या जाणकारांना विचारून घ्या.

खरी सोय पाण्याची झाली नाही, वेळेची झाली. फज्र आणि असर आपण ठरवत नाही. त्या येतात, आणि आपल्याला उठावं लागतं. झाडाचं पाणी त्यांना बांधून टाकलं, आणि आठवण ठेवायचं कामच उरलं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर धरलेल्या फळांत एकही काळं बूड निघालं नाही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहावी की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. लिहावी, असं ठरलं.

अम्मीनं त्या फोननंतर झाडांची चौकशी सुरू केली. असरनंतर आम्ही पाणी घालत असताना रोज फोन. "आज कितने?" एवढंच विचारायची. सात, नाहीतर अकरा, असा आकडा सांगायचा. मग ती आपल्या डब्यांची एखादी जुनी गोष्ट सांगायची. पाच मिनिटांत फोन बंद. हळूहळू आम्हीच तिला फोन करू लागलो.

त्याआधी आमचं अम्मीशी कसं होतं? महिन्यातून एक रविवार. पहाटे साताऱ्याहून एसटी धरायची. कराड, पेठ नाका, आष्टा करत तीन तासांनी सांगली. दोन्ही हातांत पिशव्या: फळं, बिस्किटं, औषधं, महिन्याचा किराणा. दिवसभर तिच्याभोवती गर्दी, जेवण, गप्पा, आणि संध्याकाळी परत. मग पुढचा महिनाभर मधेच कधीतरी आठवण आली की फोन. आपण पुष्कळ करतो आहोत, असं आम्हांला वाटायचं. पिशव्या जड असायच्या ना.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन लावला. अम्मीनं उचलला. "खैरियत है" म्हणाली. पण "आज कितने?" विचारलं नाही. आम्ही आपणहून सांगितलं, नऊ निघाले. ती "हां, हां" म्हणाली, आणि जीभ जरा जड वाटली. रोज तोच आवाज ऐकणाऱ्या कानालाच असला फरक कळतो. आम्ही ताबडतोब शेजारच्या काकूंना फोन केला. त्या गेल्या, तर अम्मी घामानं भिजलेली, हात थरथरत होते. साखरेची गोळी घेतली होती, आणि दुपारचं जेवण "भूक नाही" म्हणून टाळलं होतं. साखर उतरली होती. काकूंनी साखरपाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. आम्ही मिळेल त्या गाडीनं रात्री पोहोचलो तोवर अम्मी उठून बसली होती, आणि एवढ्या रात्री कशाला आलात म्हणून आमच्यावरच रागावली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. अल्हमदुलिल्लाह, आता बरी आहे. रमजानचे रोजे डॉक्टरांनी मना केले, म्हणून फिदया देते.

त्या रात्री तिच्या उशाशी बसून आमच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ही गोष्ट डिसेंबरच्या आधी घडली असती तर? रविवारला अजून बारा दिवस होते.

हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपल्याला ठाऊक आहे. जो अमल कायम केला जातो, तो थोडा असला तरी अल्लाहला सर्वांत प्रिय, असा तिचा आशय. आम्ही ती नेहमी नफल नमाज आणि तिलावतीच्या संदर्भात सांगत आलो. आईच्या फोनलाही ती लागू आहे, हे उमगायला काळ्या बुडाचे टोमॅटो लागले. महिन्याची पिशवी बंद केलेली नाही, ती हवीच. पण पिशवीवर आता आमची मदार नाही.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी हिशेबही देतो. बांबू, शेडनेट, जाळी, तार, खत मिळून साडेतीन हजार रुपये गेले. थोरल्याच्या वहीत नोंद आहे, सहा झाडांनी अडीच महिन्यांत साधारण 15 किलो टोमॅटो दिला. तीस रुपये भावानं साडेचारशे रुपये झाले. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून कुणी यात पडू नये. जाळी आणि सांगाडा चार-पाच वर्षं टिकला तरी बरोबरी होणार नाही. पण एक झालं. राजवाड्याजवळच्या मंडईत टोमॅटोवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची आमची सवय गेली. सहा झाडांना एवढं करावं लागतं, तर एकरभर झाडांना काय लागत असेल?

सूरह अनआममध्ये पीक काढायच्या दिवशी त्यातला हक्क देण्याची ताकीद आहे. सहा डब्यांचं पीक ते काय, पण मुलांना सवय लागावी म्हणून दर तोडणीची पहिली ओंजळ घराबाहेर जाते: वरच्या मजल्यावरच्या भाभींना, समोरच्या कुलकर्णी आजोबांकडे, मशिदीत इफ्तारच्या कचुंबरीला. बुलबुलांनी जाळीतून वाट काढून दोन फळं टोचली, तेव्हा धाकटी चिडली. लावलेल्या रोपातून पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना सांगा ना, एकच पूर्ण खा. दोन-दोन कशाला उष्टे करता?"

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी सहा डब्यांवर उडी घेऊ नये. दोन डबे घ्या. ग्रीनहाऊसही आधी नको. पाच-सहा तास ऊन येणारी खिडकी, बाल्कनी किंवा जिना पुरे. ऑगस्टच्या शेवटी बी टाका, म्हणजे फळं थंडीत येतील. ती आपल्याकडे टोमॅटोला सगळ्यात मानवणारी वेळ. आणि पाण्याची वेळ आजच ठरवून टाका, रोप नंतर आणा.

अम्मीच्या अंगणात या महिन्यात आम्ही तेलाचे दोन डबे नेऊन ठेवले. जमिनीवर नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर, पुराचं पाणी पोहोचणार नाही अशा बेतानं. टोमॅटोचा हंगाम नाही, म्हणून पुदिना लावला आहे. परवा संध्याकाळी फोन केला, तर "कितने?" विचारायची पाळी आमची होती. पुदिन्याची पानं कशी मोजणार, म्हणून अम्मी हसत होती. मग म्हणाली, चार नवे कोंब आले आहेत.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, उन्हाळी सुट्टीत मुलांना घरकामात कसं सामील करून घ्यावं, त्याबद्दल बोलू. तुमच्या घरच्या कुंड्यांचे अनुभव जरूर लिहून पाठवा.

वस्सलाम.